चौकटीतला ठिपका

३ मार्च

चि. टिटवीस,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायची हाताला इतकी सवय आहे की पेन आपणहून तिकडे वळलं होतं. मी ते अडवलं. द्यायचे की नाही ते शेवटी बघू.

परवाच्या सभेत मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. तू पाहिलंस मला, आणि पाहून नजर कागदात खुपसलीस. सहा वर्षांनी मामा-भाची एका छपराखाली आले, आणि तुला जे पहिलं वाक्य सुचलं ते तू तीनशे डॉक्टरांना उद्देशून बोललीस: "पहारेकऱ्यात मुळापासून एक चूक आहे." मागच्या पडद्यावर काय होतं? माझ्या हातचा तक्ता! माझे सात मी कुठेही ओळखीन, कवितेच्या गुरुजींनी छडी हातात घेऊन वळण लावलेले सात आहेत ते. भिंतीएवढे मोठे केलेस आणि भोवती लाल गोल काढलास. चुकलेल्या पोराची पाटी वर्गाला फिरवून दाखवतात, तशी.

मी उठलो आणि बाहेर पडलो. पुढे काय बोललीस ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, "मामा, पहारेकरी एकदा सोडवून पुन्हा बांधायला हवा." मी चार लोकांत म्हटलं होतं, "काल शिकलेली पोर मला शिकवणार?" तेवढ्या एका वाक्याचा तू इतका सूड उगवशील असं वाटलं नव्हतं.

विसरली असशील, म्हणून पहारेकऱ्याची जन्मकथा सांगतो. इस्पितळाची जुनी धोबीखोली. भिंतींना साबणाचा वास, कोपऱ्यात ओल. मधोमध एक संगणक, जो सुरू झाला की कुणीतरी दम लागून बसल्यासारखा घरघरायचा. समोर, पुढे बारा नंबर खाटेवर आलेल्या सुताराने केलेलं लाकडी स्टूल, एक पाय जरा आखूड. मी चाळिशी ओलांडलेली. वीज कंपनीतला एक इंजिनियर कामावरून सुटला की मला प्रोग्रॅम लिहायला शिकवायचा. बाकीचे डॉक्टर दारात उभे राहून हसायचे: "पेशंट बघा की हो, टीव्ही काय बघता!"

पण मी पेशंटच बघत होतो. रक्तात विष भिनलेला माणूस सकाळी बायकोशी गप्पा मारतो आणि संध्याकाळी नसतो. असे किती गेले माझ्या हातून! मला एक असा पहारेकरी हवा होता जो पेंगणार नाही, कंटाळणार नाही. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, लघवी या पाच आकड्यांची चाल पाहून पुढचे बारा तास सांगेल. लोकांना हे नवल वाटायचं. मला नाही वाटलं. गुरुजी नव्या कवितेच्या दोन ओळी म्हणून थांबायचे आणि विचारायचे, "आता तिसरीचा आघात कुठे पडेल?" कविता माहीत नसली तरी वृत्त कानात बसलेलं असलं की सांगता येतं. शरीरालाही वृत्त असतं. गणित मी पुढे पुस्तकांतून शिकलो, पण कळलं ते मला कवितेच्या तासाला.

आणि तू म्हणतेस मुळापासून चूक! तक्त्यात कुठे एखादी चौकट रिकामी दिसली की आधीचा आकडा पुढे ओढायचा, या एका नियमावर एवढा गहजब? आकडे भरणाऱ्यांच्या सोयीसाठी कुणीतरी केला असेल. कुणी, ते आता आठवत नाही.

काल इस्त्री येऊन गेला. आपला जुना इस्त्री, ज्याच्या विजारीची घडी अतिसाराच्या साथीतही मोडली नव्हती. आता तो संचालक आहे. त्याने एक निवेदन टाईप करून आणलं होतं: पहारेकरी निर्दोष आहे आणि डॉक्टर भाचीबाईंचं भाषण वैयक्तिक आकसातून झालं आहे. चोवीस तारखेला चौकशी समिती बसणार. खाली माझी सही असली तर पहारेकरी सगळ्या वॉर्डांत राहील आणि तुझं विभागप्रमुखपद जाईल. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या शब्दाला वजन नाही, असं तो म्हणाला. खरंच आहे ते.

चोवीसपर्यंत शब्द मागे घे. नाहीतर मी सही करीन.

तुझी मामी दारातून विचारते आहे, "भांडताय की कविता करताय? मघापासून हाताने ताल धरलाय."

मामा

९ मार्च

टिटवे,

ही काय पद्धत झाली? जाड पाकीट आलं म्हणून मी घाईघाईने फोडलं, चष्मा शोधायच्या नादात चहा सांडला, आणि आत काय, तर एकेचाळीस ओळींची यादी. केस-क्रमांक, वॉर्ड, शेवटचा आकडा, मृत्यूची वेळ. सोबत एक अक्षर नाही. 'मामा' एवढं तरी लिहायचं होतंस! बिनचिठ्ठीचं पाकीट परकं माणूस पाठवतं. मी तुला दुसरीत असल्यापासून सांभाळलंय. ताईने तुला माझ्या दारात सोडलं तेव्हा तुझ्या दप्तरात एक पुस्तक आणि दीडशे प्रश्न होते. सकाळी डोळा उघडल्यापासून 'का, का, का', म्हणून तर टिटवी नाव पडलं.

तुला खोटं पाडायचं म्हणून मी रेकॉर्डखोलीत गेलो. गुडघे कुरकुरतात, तरी तळघराच्या सव्वीस पायऱ्या उतरलो. तिथला रेकॉर्डवाला आता माझ्याइतकाच म्हातारा झालाय. मला बघून उठलासुद्धा नाही.

"यादी द्या," म्हणाला. "भाचीबाई दोन महिने याच खुर्चीत बसून होत्या. डबा खायच्या इथेच, फायलींवर सांडू नये म्हणून मांडीवर घेऊन."

"आणि मी? मी यायचो तेव्हा कुठे बसायचो?"

त्याने आठवून पाहिलं. "तुम्ही आलेलं नाही आठवत, डॉक्टर. तुम्ही माणूस पाठवायचात."

आगाऊ आहे. पहिल्यापासून आगाऊच होता.

तीन दिवस गेलो. एकेचाळीसच्या एकेचाळीस फायली पाहिल्या. मरणापूर्वीच्या शेवटच्या पाळीत पहारेकऱ्याने सगळ्यांना हिरवा दिवा दिला होता, हे खरं आहे. मी खोटं बोलणार नाही. प्रत्येकाच्या तक्त्यात शेवटच्या आठ-दहा तासांत दोन-तीन चौकटी रिकाम्या आहेत, हेही खरं. पण तो दोष गणिताचा कसा? नर्सबायांनी लिहिलं नाही, तर गणित काय डोकं आपटून घेणार? आयुष्यभर मी कानीकपाळी ओरडत आलो, 'चार-चार तासांनी लिहा, लिहा.' आळस त्यांचा आणि लाल गोल माझ्या अक्षराभोवती!

परत निघताना मी हट्टाने जुने कागदी तक्तेही काढायला लावले, आपण पहिल्यांदा संगणकात भरले ते. तेव्हाही चौकटी रिकाम्याच. नाही म्हणायला कुठे कुठे शाईचे बारीक डाग आहेत. पेन टेकवून तसंच उचललं असेल. पाहा, म्हणजे पेन हातात होतं, लिहायचा तेवढा कंटाळा!

आता मी मोठ्या सिस्टरांकडेच जाणार आहे. त्यांच्याकडून लिहून घेतो की त्यांच्या वॉर्डात हयगय व्हायची. मग पाहू तुझी समिती काय म्हणते.

इस्त्रीचा फोन आला होता. "सर, सही?" म्हणाला. मी म्हटलं, "करतो, पळून चाललोय का मी?" मामी म्हणाली, "सहीला इतके दिवस लागायला तुम्ही काय महाकाव्य लिहिताय?" या घरात माझ्या बाजूचं कुणीच नाही.

मामा

१४ मार्च

टिटवे,

हे पत्र लिहायला बसून दोनदा उठलो. राग आहे, पण तो नेमका कुणावर काढायचा ते कळेनासं झालंय. आणि राग ठेवायला जागा नसली की माणूस घरभर फिरतो. मामीने शेवटी हातात कुंड्यांना पाणी घालायचा झारा दिला.

मोठ्या सिस्टर आता धाकट्या बहिणीकडे राहतात. दुसरा मजला, गॅलरीत जाईचा वेल, पायांना सूज. पण आवाज तोच. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "या डॉक्टर. बसा. एप्रन नसला की केवढेसे दिसता तुम्ही!"

मी वॉर्डातल्या हयगयीच्या कबुलीचा मसुदा पुढे केला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"आळस?" म्हणाल्या. "चाळीस खाटा आणि आम्ही दोघी जणी. एखाद्याचा श्वास लागला, अंग गार पडायला लागलं, की हात त्याला धरायला वापरायचे की पेन धरायला? सांगा ना. तुम्ही तर कवी माणूस."

मी म्हटलं, "पण नंतर लिहायचं. अर्ध्या तासाने."

"काय लिहायचं? बघितलंच नाही ते? नाडी मोजलीच नसेल तर मनाने आकडा घालायचा? तसं करणाऱ्याही होत्या. माझ्या हाताखालच्या मुलींना मी करू दिलं नाही. आम्हांला आमच्या वरच्या बाईंनी शिकवलं होतं: मोजायला फुरसत नसेल तर खोटं लिहू नये. चौकटीत पेनाचं टोक टेकवून एक ठिपका द्यावा. म्हणजे, मी इथे होते, याच्यापाशीच होते, पण हात मोकळा नव्हता. पुढच्या पाळीची बाई आली की आधी ठिपकेच बघायची. ज्याच्या तक्त्यात ठिपके, त्याच्याकडे आधी धाव."

टिटवे, माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

पंचवीस वर्षं! एवढी वर्षं त्या वॉर्डात एक भाषा लिहिली जात होती आणि मी तिला पेनाचे डाग म्हणत होतो. मी, ज्याला लोक 'डॉक्टरांचा कान फार तयार' म्हणायचे!

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलोच. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

"तुम्ही विचारलंत कधी?" त्या तितक्याच जोरात म्हणाल्या. "तुम्ही यायचात, तक्ता उचलायचात, आकडे टिपायचात, चाललात. आम्हांला वाटायचं, एवढे शिकलेले, ठिपके कळत असतीलच. तुमची भाची आली मागच्या वर्षी. तीन तास बसली. निघताना माझ्या पायांना मलम लावून गेली."

म्हणजे तू सिस्टरांकडे गेलीस. आणि मामाचं घर तिथून दोन थांब्यांवर आहे, तिकडे नाही आलीस. हेही लिहून ठेवतो. याचा राग वेगळा आहे आणि तो मी सोडलेला नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "सुतार आठवतो का?"

मी म्हटलं, "स्टूलवाला."

"स्टूलवाला काय म्हणता, डॉक्टर! बारा नंबर खाटेचा. त्या दिवशी दुपारी तुम्ही शाळेत निघाला होतात, कविता म्हणायच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून. मी जिन्यापर्यंत मागे आले होते. म्हटलं होतं, बाराचा माणूस मला बरा दिसत नाही. तुम्ही काय म्हणालात?"

मी चपलांत पाय घालू लागलो.

"तुम्ही म्हणालात, 'सिस्टर, आकडा हिरवा आहे.'"

इथे थांबतो.

मामा

१९ मार्च

टिटवे,

आज मी तुझ्यावर रागावलो आहे, माझ्यावर रागावलो आहे, इस्त्रीवर, गुरुजींवर, त्या घरघरणाऱ्या यंत्रावर, सगळ्यांवर रागावलो आहे. तेव्हा पत्र वेडंवाकडं होईल. चालवून घे.

सुताराचा तक्ता काढून आणला. रेकॉर्डवाल्याने या वेळी खुर्ची दिली, बहुतेक माझं तोंड पाहून. सकाळी सहाला सगळं ठीक. नाडी ब्याऐंशी. दहाच्या ओळीत ठिपका. दोनच्या ओळीत ठिपका. सहाच्या ओळीत काहीच नाही, कारण सहाला तो नव्हता. दहाचे आकडे संगणकात मी स्वतः भरले होते. म्हणजे भरले काय, सहाचेच पुढे ओढले. ब्याऐंशी, ब्याऐंशी. यंत्र म्हणालं, या माणसात काही बदल नाही, फार शांत आहे. हिरवा. आणि मी शाळेत जाऊन बसलो, पुढच्या रांगेत, हातात गुणपत्रिका. एका मुलीने यती चुकवली म्हणून मी तिचे दोन गुण कापले. दोन गुण! हे मला आजही आठवतं. सिस्टर जिन्यात काय म्हणाल्या ते मात्र मी इतक्या बेमालूमपणे विसरलो की त्यांनी परवा सांगेपर्यंत मला ते ठाऊकच नव्हतं. सुताराच्या बायकोला मी सांगितलं होतं, "आजाराने दगा दिला." त्यावर तिने मान डोलावली होती. बिचारीने माझ्यावर विश्वास ठेवला.

यती म्हणजे काय ते तुला मी आठव्या वर्षी शिकवलं होतं. ओळीच्या मधला थांबा. गुरुजी म्हणायचे, तिथे अक्षर नसतं म्हणून तिथे काही नसतं असं समजू नका, म्हणणाऱ्याचा श्वास तिथे असतो. हे मी तुला शिकवलं, शाळेत भाषणं देऊन शेकडो पोरांना शिकवलं, आणि तक्त्यातली मोकळी जागा दिसली तर तिथे कालचं अक्षर ठोकून दिलं! मला लाज वाटते असं लिहिणार होतो. पण लाज हा फार सोज्वळ शब्द आहे. मला संताप येतो. बाई पेशंटचा श्वास सांभाळत उभी होती, आणि तिच्या त्या उभं राहण्याला मी 'काही बदल नाही' असं भाषांतर दिलं.

आता खरी गोष्ट. पहिल्या पत्रात मी लिहिलं, नियम कुणी केला ते आठवत नाही. ते खोटं होतं. लिहितानाच खोटं होतं.

नियम मी केला. आणि तू समोर होतीस. एकोणीस वर्षांची, मेडिकलच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत धोबीखोलीत त्या लंगड्या स्टुलावर बसून जुने तक्ते संगणकात भरत होतीस. मला ते नुसतं अंधुक आठवत होतं, म्हणून काल कपाटातून आपली आकडे भरायची जुनी वही काढली. माझ्या कवितांच्या वह्यांखाली होती. अठ्ठाविसाव्या पानावर, समासात, पेन्सिलीने, तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात:

'या चौकटीत ठिपका आहे. असे बरेच. काय भरू? मामांना विचारलं. डाग आहे म्हणाले. आधीचा आकडा घे, पुढे चल.'

पुढे चल! मला माझा आवाज ऐकू आला गं. मी बहुधा मान वर करूनही बघितलं नसेल.

आणि तू? तू का पुढे चाललीस? एवढी टिटवी तू, दुसरीत असताना सूर्याला कोण उठवतं इथपासून भांडणारी, त्या दिवशीच तुझी चोच का बंद झाली? स्टुलावरून उठून वॉर्डात जायचं होतंस, सिस्टरांना विचारायचं होतंस! माझ्या हातातून तक्ता ओढून घ्यायचा होतास! हे लिहिल्यावर मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलंय. पोरीने विचारलं तर 'पुढे चल', आणि नाही भांडली तर 'का नाही भांडलीस'. तुमच्या तोंडी कोण लागणार?" आणि मटार सोलायला निघून गेली. गेल्या चाळीस वर्षांत ही बाई एकदाही चुकीचं बोललेली नाही. हा तिचा फार मोठा दोष आहे.

वीज कंपनीतल्या त्या जुन्या इंजिनियरचा मुलगा तुझ्या सभेला होता. काल त्याला फोन करून विचारलं, मी उठून गेल्यावर तू काय बोललीस? तो म्हणाला, "त्या म्हणाल्या, आम्ही चुकलो. आम्ही नर्सना विचारलं नाही." मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण, स्पष्ट केलं का? तो म्हणाला, नाही, शेवटपर्यंत 'आम्ही'च.

तुला तुझं पेन्सिलीचं वाक्य आठवत नव्हतं असं मला सांगू नकोस. तुला पाढा एकदा ऐकून पाठ व्हायचा.

मामा

२३ मार्च

चि. टिटवीस,

उद्या समिती. म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता मामीच्या हाती देतो आहे. ती म्हणाली, "सहा वर्षांनी भाचीच्या दारी जायचं तर रिकाम्या हाताने कशी जाऊ?" मी म्हटलं, रिकाम्या हाताने नको जाऊस, ही वही ने.

सकाळी इस्त्री आला होता. बसायच्या आधी त्याने विजार चिमटीत धरून वर ओढली, तशीच, जशी पंचवीस वर्षांपूर्वी ओढायचा. टेबलावर निवेदन होतं, सही नसलेलं, आणि शेजारी वही. मी त्याला अठ्ठाविसावं पान वाचायला दिलं. म्हटलं, बघ, हा माणूस बघून सावध होईल. मी अजून भाबडाच आहे.

त्याने दोनदा वाचलं. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली, अगदी हळू, जणू झोपलेल्या बाळाला सरकवतोय.

"सर," म्हणाला, "ही वही समितीने मागितलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ती तुमच्या घरातली आहे. कवितांच्या वह्यांत होती ना? तिथेच शोभते." आणि मग हसून, "खरं म्हणजे आज सांगणार नव्हतो. संगणक विभागाची नवी इमारत होतेय, तिला तुमचं नाव द्यायचं ठरतंय. दारावर पितळी अक्षरं. पहारेकरी आता बाहेरच्या सत्तर इस्पितळांत जाणार आहे. अशा वेळी एखाद्या पोरीने पेन्सिलीने समासात काय खरडलं..."

"सत्तर?" मी म्हटलं.

"सत्तर, सर!" त्याला वाटलं मी खूश झालो.

टिटवे, मी गेली पन्नास वर्षं कुणाला घरातून हाकललेलं नाही. ते कसं करायचं हेही मला नीट ठाऊक नव्हतं. मी उभा राहिलो, माझी काठी सापडेना, म्हणून हातात झारा होता तोच उगारला. म्हटलं, "इस्त्री, ऊठ! त्या सत्तर ठिकाणी सत्तर बाया कुणाचातरी हात धरून उभ्या असतील आणि तुझा दिवा हिरवा जळत राहील. माझं नाव त्या दारावर लावलंस तर मी रोज येऊन त्यावर शेण फासीन. ऊठ!" झाऱ्यात पाणी शिल्लक होतं. त्याच्या विजारीची घडी मोडली. मामी आतून म्हणाली, "पुसायला फडकं देऊ का हो त्यांना?" आणि दिलं नाही.

त्याचं निवेदन मी फाडलेलं नाही. त्याच्या पाठीवर, कोऱ्या बाजूला, माझं निवेदन लिहिलंय आणि खाली माझ्या त्याच वळणदार अक्षरात तारीख घालून सही केली आहे. त्यात चारच गोष्टी आहेत. नियम माझा होता. ठिपक्याबद्दल मला विचारलं गेलं होतं आणि मी न बघता डाग म्हटलं. जिन्यात सिस्टरांनी मला सांगितलं होतं आणि मी आकड्याचं ऐकलं. पहारेकरी आज, या क्षणी बंद करावा, आणि पुन्हा बांधायचा झाला तर तो डॉक्टर भाचीबाईंनी मोठ्या सिस्टरांना शेजारी बसवून बांधावा. निवेदनाची आणि त्या पानाची नक्कल मी दुपारी समितीच्या अध्यक्षांच्या हातात स्वतः देऊन आलो. म्हणजे उद्या सकाळी मला भीती वाटली तरी उपयोग नाही. मी स्वतःला चांगला ओळखतो, म्हणून आजच देऊन आलो.

सुताराच्या घरीही गेलो होतो. त्याची बायको आहे अजून. तिला सगळं सांगितलं, दगा आजाराने दिला नव्हता ते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांनी केलेलं स्टूल आहे का हो अजून?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "मग आणून द्या." एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. इस्पितळातून ते स्टूल सोडवून आणायचं काम तुझ्याकडे देतो. मला आता तिथे कुणी आत सोडेल असं वाटत नाही.

आता तुझ्याशी शेवटचं भांडण. उद्या समितीपुढे तू 'आम्ही' म्हणायचं नाहीस. ऐकतेस? मला तुझा तो 'आम्ही' नको. त्या सभेत तू मला त्याच्या आड लपवलंस आणि मी मूर्ख, लाल गोल तेवढा पाहून उठून गेलो. चूक माझी आहे, ती मला पूर्ण पाहिजे, अर्धी नको. विचारणारी एक होती आणि न बघणारा एक होता. तसंच सांग. नाही सांगितलंस तर मी मध्ये उठून सांगीन, आणि तुला ठाऊक आहे, मी एकदा उभा राहिलो की कविता म्हटल्याशिवाय बसत नाही.

आशीर्वादाचं मी पहिल्या पत्रात पुढे ढकललं होतं. ते अजून माझ्यापाशीच आहेत. द्यायचा हक्क राहिलाय का, ते उद्यानंतर तू सांग.

तू उत्तर लिहावंस असं मी म्हणणार नाही. सहा वर्षं माझ्या घरातली तुझी चौकट मोकळी आहे, आणि त्यात मी माझ्या सोयीने दर वर्षी आधीचंच ओढत आलो: रागावलेली आहे, काही बदल नाही. ते आता थांबवलं. उद्याच्या गडबडीत तुझा हात मोकळा नसेल हे मला कळतं. मामी दारात उभी आहे. तिच्याकडच्या पाकिटात एक कोरा कागद घातलाय. लिहायला वेळ नसला तर त्यावर पेनाचं टोक टेकव आणि परत दे.

मला आता ते वाचता येतं.

मामा